पाठकोऱ्या कागदांवरची मोडी

बेकारीत वाचायला भरपूर वेळ मिळतो असं जे म्हणतात, त्यांचा पगार बहुधा एक तारखेला खात्यावर पडत असतो. वेळ मिळतो, नाही असं नाही. पण पुस्तक वाचायला नुसता वेळ पुरत नाही, मन एका जागी बसावं लागतं आणि नेमकं त्याच दिवसांत ते बसत नाही. चार ओळी होतात, पाचव्या ओळीला आठवतं की चिंचोळी एमआयडीसीतल्या त्या साहेबांना नोकरीसाठी परत फोन करायचा होता. फोन करून परत यावं, तर पानावर कोण कुणाचा मेहुणा हेच विसरलेलं असतं.

मी अकाउंटंट. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या एका कारखान्याचे हिशेब बरीच वर्षं सांभाळले. सुताचा भाव चढत गेला, विजेचं बिल चढत गेलं, टॉवेलचा भाव मात्र गिऱ्हाईक ठरवायचं. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, त्याचा आम्हाला अभिमानही आहे, पण सुताचं बिल मानांकनातून भागत नाही. २०२३च्या मार्चअखेरीला मालकांनी माग विकायला काढले. काही दुसऱ्या कारखान्यात गेले, बाकीचे भंगारात किलोवर.

कारखाना बंद होताना विणकर आधी बाहेर पडतो, मग मागांवर देखरेख ठेवणारा जॉबर, आणि अकाउंटंट सगळ्यात शेवटी, कारण सगळ्यांचा हिशेब त्याला चुकता करायचा असतो. ग्रॅच्युइटीचं गणित सोपं आहे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षं. एक्सेलमध्ये पहिल्या ओळीत टाकायचं आणि खाली ओढत न्यायचं. ओढत ओढत शेवटच्या ओळीला आलो तर तिथं माझंच नाव. तेवढी एक ओळ मी कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून बघितली. बरोबर होती.

नोकरी गेली तरी अंगातली तारीख जात नाही. महिन्याची अकरा तारीख आली की जीएसटीचं एक रिटर्न, जीएसटीआर-१, वीस तारीख आली की दुसरं, ३-बी. सकाळी दात घासताना पोटात काहीतरी हलायचं, काहीतरी भरायचं राहिलंय असं. मग लक्षात यायचं की आपल्याला आता काहीच भरायचं नाही. निवांत वाटायला हवं होतं. तसं वाटायचं नाही.

सोलापुरात असली बातमी लपत नाही. सात रस्त्याला चहा प्यायला थांबावं तर ओळखीचा कुणीतरी, "का बे, काय करायलास सध्या?" बघतोय म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "पुण्याला जा की." सोलापूरकराच्या प्रत्येक अडचणीवर पुणे हेच उत्तर असतं. गेलोही. भल्या पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेस धरली. त्या गाडीत बसलं की कळतं, निम्मं गाव पुण्यात का आहे ते. मुलाखत बरी झाली. पण पुण्यात मिळणाऱ्या पगारातून पुण्याचं घरभाडं वजा केलं की खाली सोलापूरचाच पगार उरत होता, शिवाय बायकोची नोकरी सोडायची ती वेगळीच. हिशेब माझा धंदाच आहे, त्यामुळे त्यावर फार विचार करावा लागला नाही.

सरकारच्या महास्वयम या रोजगाराच्या पोर्टलवर नाव नोंदवलं, नोकरीच्या दोनतीन साइटवर बायोडाटा टाकला, ओळखीच्या सीएंना सांगून ठेवलं. गावातल्या मुलाखती साधारण एकाच साच्याच्या. समोर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडून द्यायचे, एन्ट्री करून दाखवा म्हणायचे. एका ठिकाणी समोरचा मुलगा माझ्या पुतण्याच्या वयाचा होता. अदबीनं विचारलं त्यानं, "सर, एवढ्या पगारावर तुम्ही टिकाल का?" या प्रश्नाला चांगलं उत्तरच नाही. टिकेन म्हणावं तर गरजू ठरतो, नाही म्हणावं तर उठायचंच. मी म्हटलं, बघू या. त्यांनीही बघतो म्हटलं.

बायको शाळेत शिकवते. घर तिच्या पगारावर आलं तसं स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. तसा करार कुणी केला नव्हता, पण सकाळी साडेसहाला ती बाहेर पडते, मग डबा कोण करणार? भाकरी मला आजही जमत नाही, ती फुगण्याआधीच फाटते. पण शेंगाचटणी जमली. सासूबाईंनी फोनवरून ताकीद दिली होती, "जावईबापू, मिक्सरला लावू नका हं, भुगा होतो." उखळात भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, मीठ आणि लाल तिखट घालून कुटत राहायचं. बराच वेळ ते कोरडंच राहतं. हात दुखायला लागतो, सोडून द्यावंसं वाटतं, आणि मग दाण्याला तेल सुटतं, मुसळाला चिकटायला लागतं, गोळा धरतो. फोन वाजला तरी दोन्ही हात तिखटाचे असल्यामुळे उचलता येत नाही, ही त्यातली मोठी सोय.

बाकी आठवड्याला एकच पक्का आकार होता, पाण्याच्या दिवसाचा. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि येण्याची वेळही कधी पहाटेची तर कधी रात्रीची. पूर्वी ही डोकेदुखी बायकोची होती, आता माझी झाली. पिंप, कळश्या, बादल्या, मग मोटार लावून वरची टाकी. शेजारच्या काकू पूर्वभागातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. त्या गॅलरीतून विचारायच्या, "भाऊ, तुमच्याकडं आलं का?" त्या पाण्याबद्दलच विचारायच्या. पण बरेच दिवस मला क्षणभर नोकरीबद्दलच वाटायचं.

दुपारी वाचनालय. हिराचंद नेमचंद वाचनालय १८५३ सालचं, म्हणजे मिलची पहिली चिमणी गावात उभी राहायच्याही आधीचं. कॉलेजात असताना सभासद होतो, मग नोकरीत सुटलं होतं, ते पुन्हा सुरू केलं. सकाळी अर्ज, फोन, ईमेल उरकायचे आणि जेवून तिकडं जायचं. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून जातो तेव्हा घरात बसून पंख्याची गरम हवा खाण्यापेक्षा ते केव्हाही बरं. तिथं पेपर वाचणाऱ्यांचीही एक जुनी वहिवाट असते. अमुक पेपर आधी अमुक आजोबांचा, मग त्यांच्या शेजाऱ्यांचा. नव्या माणसानं पुरवणीपासून सुरुवात करावी. मी केली. छोट्या जाहिराती पुरवणीच्या मागच्या पानावरच असल्यामुळे तेही सोयीचंच पडलं.

स्पर्धा परीक्षेची पोरं गावात सगळीकडेच, तशी तिथंही होती. अंकगणित अडलं की ती माझ्याकडे यायची. एक जण म्हणाला, "काका, तुम्ही पण फॉर्म भरा की." खुल्या गटाला वयाची मर्यादा अडतीस आहे आणि मी त्रेचाळीसचा, असं सांगितल्यावर त्याला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

पुस्तकांबद्दल मात्र या काळात माझी काही ठाम मतं झाली. पहिलं, बेकारीत प्रवासवर्णनं वाचू नयेत. प्रत्येक पानावर हॉटेलचं बिल दिसतं. दुसरं, नातेवाईक भेट देतात ती यशस्वी व्हा छापाची पुस्तकं. ती मी वाचली, शेवटपर्यंत, कारण देणारे विचारतात. त्यांत माणूस पहाटे उठून यशस्वी होतो. आमच्या गल्लीत पहाटे उठणारे सगळे पाण्यासाठी उठतात. तिसरं मत जरा विचित्र आहे. कादंबरी वाचताना मी हिशेब मांडायला लागलो. या नायकाचं पोट कशावर चालतं? घराचं भाडं कोण भरतं? तीनशे पानं झाली, हा माणूस दुःखी आहे हे पटलं, पण याला महिन्याला मिळतात किती? बऱ्याच कादंबऱ्यांत त्याचा पत्ताच लागत नाही. ज्यांत लागतो त्या मी मन लावून वाचल्या, अगदी सुमार असल्या तरी. सावकाराचं कर्ज, मिलचा पगार, बायकोनं मोडलेली पाटली, असं काही आलं की माझं बोट पानावर थांबायचं. साहित्याच्या अभ्यासकांना ही वाचनाची रीत पटणार नाही, पण माझं वाचन चालू राहिलं ते त्याच्यावर. जुने दिवाळी अंकही उपयोगी पडले. दहा मिनिटांची कथा, मग कविता, मग व्यंगचित्र. तुटक मनाला तुटक खाद्य. त्यातल्या जुन्या बँकांच्या आणि मिलच्या जाहिरातीही मी सोडल्या नाहीत.

मोडीकडे, म्हणजे मराठीच्या जुन्या लपेटीदार लिपीकडे, मी वळलो त्यात माझं इतिहासप्रेम वगैरे काही नव्हतं. २०२३च्या सप्टेंबरमध्ये सरकारनं कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि एकाएकी गावोगावच्या कपाटांतली जुनी दप्तरं बाहेर आली. गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, खासरापत्रक, पाहणीपत्रक ही जमिनीची दप्तरं. यातलं बरंच काही मोडीत, आणि मोडी वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी रविवारी घरी मोडी शिकवायचे, तिथं पूर्वी तीनचार हौशी जण असायचे. आता वऱ्हांड्यात चपलांना जागा नव्हती. एक वकील, दोन तहसीलमधले, पणजोबांची नोंद शोधणारा एक तरुण शेतकरी, आणि मी. फी नव्हती आणि चहा मिळायचा. तेवढं कारण मला पुरलं.

मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग अक्षरं त्या रेघेखाली लटकवत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, विरामचिन्हं नाहीत, आणि दोन शब्दांत मोकळी जागाही नाही. सगळी ओळ एका दमात. गुरुजींनी बोरू कापायला शिकवला. टोक तिरकं छाटायचं, मध्ये बारीक चीर द्यायची, शाईत बुडवून दौतीच्या काठाला निथळायचं. पहिल्या रेघेलाच कळतं टोक बरोबर कापलंय का. जास्त तिरकं झालं तर कागद ओरबाडतं, कमी झालं तर रेघ सगळीकडे सारखीच जाड येते, वळणाला बारीक होत नाही. घरी सरावाला कागद म्हणजे कारखान्याच्या रद्दीतून आणलेले चलानांचे गठ्ठे. एका बाजूला टॉवेलची डझनं आणि ट्रकचे नंबर, दुसरी बाजू पाठकोरी. त्या पाठकोऱ्या बाजूवर मी महिनोन् महिने क, ख, ग गिरवले.

आणि इथं मला जे पुस्तकांत साधत नव्हतं ते साधायला लागलं. मोडी भरभर वाचताच येत नाही. नजर पुढं पळाली तरी पुढं काही नसतंच, आधीचं अक्षर लागल्याशिवाय पुढचं लागत नाही. एका ओळीला अर्धा तास जातो आणि त्या अर्ध्या तासात चिंचोळीच्या साहेबांची आठवण येत नाही. छंदानं मन रमतं असं सगळे म्हणतात. माझ्या बाबतीत रमलं वगैरे काही नाही, ते नुसतं अडकून पडलं. काम शोधणाऱ्या माणसाला त्याचीच गरज असते असं माझं मत आहे. हाताला असं काहीतरी हवं जे घाईनं होतच नाही, आणि ज्याच्या निकालाची वाट दुसऱ्या कुणाच्या फोनवर बघावी लागत नाही.

एकदा गुरुजींनी मला वेगळा कागद दिला. "तुम्ही हिशेबातले ना? घ्या." एका जुन्या कापड दुकानाच्या रोजकीर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीच्या, पानाची झेरॉक्स होती. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, वर श्री शिल्लक, म्हणजे आदल्या दिवशीची उरलेली रक्कम. अक्षर लपेटीदार, कारकुनाला घाई असावी. पण आकडे लागायला लागले. रुपयांपुढं एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन रेघा आठ आणे, तीन रेघा बारा आणे. सुटे आणे आणि पै निराळ्या खुणांनी. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. दशमान पैसे आले १९५७ साली, त्यामुळे माझ्या पिढीला हे फक्त म्हणींतून माहीत. मी बेरीज मांडायला बसलो. टॅली नाही, एक्सेल नाही, पाठकोऱ्या चलानावर पेन्सिलीनं. जमा बाजू बरोबर आली. खर्चाची बाजू चार आण्यांनी कमी. पुन्हा केली, पुन्हा चार आणे. रात्री जेवण झाल्यावर परत घेऊन बसलो, बायको म्हणाली, "कुणाचे आहेत हो ते चार आणे?" शेवटी कागद दिव्यासमोर आडवा धरला तेव्हा दिसलं. मूळ वहीला घडी होती, तिची काळी रेघ झेरॉक्समध्ये उतरली होती, आणि त्या रेघेत मिसळून गेलेली एक बारीक उभी रेघ, हमालीच्या रकमेपुढची. चार आणे सापडले. ताळा जुळला.

त्या कारकुनानं तो दिवस मिटवून दिवा मालवला असेल त्याला कितीतरी दशकं झाली असतील. मला मात्र तारीख गाठून रिटर्न भरल्यासारखं वाटलं, खूप महिन्यांनी.

जानेवारीत गड्डा आला. सिद्धेश्वराच्या यात्रेला पुण्या-मुंबईचे सगळे घरी येतात, नंदीध्वजांची मिरवणूक बघतात, अक्षता टाकतात आणि मग घरोघरी जाऊन चौकशा करतात. त्या वर्षी "अजून नाही का मिळालं?" या प्रश्नाला माझ्याकडे निदान दुसरा विषय होता. मोडी शिकतोय म्हटलं की निम्मे गप्प व्हायचे आणि निम्मे म्हणायचे, "त्याचा काही उपयोग?" एका भावजींनी मात्र वेगळंच केलं. घरी जाऊन एक पिशवी घेऊन आले. आत त्यांच्या शेतीचं जुनं खरेदीखत, स्टांपावरचं, घडीवर फाटलेलं. कोर्टात नव्हतं, भावकीत वाद नव्हता. नुसतं आत काय लिहिलंय हे त्यांच्या घरात तीन पिढ्यांत कुणाला माहीत नव्हतं.

मी गुरुजींना शेजारी बसवून ते वाचलं. चतुःसीमा लागली, पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचा बांध. मग पुढं एक ओळ, जी अशा कागदांत नेहमी असते असं गुरुजी म्हणाले, पण मी पहिल्यांदाच वाचत होतो: जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. म्हणजे जमीन विकली ती पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड आणि पुरलेलं धनसुद्धा धरून. भावजींनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग मिश्किलपणे म्हणाले, "पुरलेलं कुठं आहे ते नाही लिहिलं?"

कागद घेऊन जाताना त्यांनी विचारलं, किती द्यायचे. मी नको नको म्हणत होतो. आतून बायकोचा आवाज आला, "घ्या की." घेतले. फार नव्हते. पण मी ते त्याच पेन्सिलीनं एका चलानाच्या पाठीवर जमा बाजूला लिहिले, वर श्री शिल्लक घालून.

त्यानंतर अधूनमधून कागद यायला लागले. बार्शीकडून, मंगळवेढ्याकडून, कुणाच्या तरी ओळखीनं. त्यानं घर चाललं असतं असं मुळीच नाही. महिन्याचं दूध निघायचं, एखाद्या महिन्यात तेही नाही. चाटी गल्लीतल्या एका कापड दुकानात संध्याकाळी तासभर लिहिण्याचं काम मिळालं होतं, आणि जुलैत रिटर्नच्या हंगामात एका सीएंकडे महिनाभर बसलो. त्यांच्याच ओळखीनं शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेबाचं काम लागलं. सोलापुरात तो धंदा सध्या चालतोय. पगार आधीपेक्षा कमी आहे. मुलाखतीत टिकाल का असं त्यांनी विचारलं नाही, जीएसटीची नोटीस आलेली आहे, उद्यापासून येता का, एवढंच विचारलं.

आता दुपारचं वाचनालय बंद झालं, ते शनिवारी संध्याकाळवर आलं. कादंबऱ्या सरळ वाचता येतात, नायकाच्या पगाराची चौकशी न करता, निदान पहिली शंभर पानं तरी. चटणी मीच कुटतो. मोडी रविवारची आणि रात्री जेवणानंतरची.

फक्त वाचनाचा दर अजून ठरलेला नाही. पानामागे घ्यावा तर एखादं पान दहा मिनिटांत सुटतं, एखादं आठवडा खातं. बायकोनं सुचवलं, शब्दामागे घ्या. मी तिला कागद दाखवला, म्हटलं, बघ, यात शब्द कुठं संपतो तेच दिसत नाही. तिनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "मग ओळीमागे घ्या. रेघ तर आधीच ओढलेली असते की."